कानाचं छिद्र बंद असलं, तरी बाळाला ऐकू येऊ शकतं



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक सखी तान्ह्या लेकीला घेऊन आली. बाळाचं टोपरं काही ती काढेना. दोन्ही कान जन्मतःच चिमुकले, छिद्रं बंद. ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून असं झालं, असं घरचे तिला ऐकवत होते. आम्ही आधी तेच खोडून काढलं. बाई, ग्रहणाने कान बंद होत नाहीत. पोटात असताना कानाची वाढ अपुरी राहते. काही मुलांचा गाल आणि जबडाही लहान राहतो. यात आईचा दोष नाही.

अशा मुलांचा आतला कान बहुधा चांगला असतो, फक्त आवाजाची वाट बंद असते. हे बेरा चाचणीत कळतं. ती बाळ झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. एकच कान बंद असला, तरी दोन्ही तपासून घ्या.

ऑपरेशनं तीन प्रकारची असतात. पहिलं, कानाची नळी उघडण्याचं. ते साधारण 5-6 वर्षांनंतर करतात. आधी सीटी स्कॅन काढतात, कारण आतली बारीक हाडं नीट असावी लागतात आणि चेहऱ्याची नस जवळूनच जाते. उघडलेली नळी पुन्हा अरुंदही होऊ शकते. दुसरं, कानामागच्या हाडात यंत्र बसवण्याचं. आवाज हाडातून थेट आतल्या कानाला पोचतो. तेही साधारण 5 वर्षांनंतर, हाड जाड झाल्यावर. तिसरं, बरगडीच्या कूर्चेतून बाहेरचा कान घडवण्याचं. त्याने कान दिसतो, ऐकू येत नाही. आधी कोणतं करायचं, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवं.

मग 5 वर्षं थांबायचं का? मुळीच नाही! मूल ऐकूनच बोलायला शिकतं. हाडातून आवाज पोचवणारं तेच यंत्र मऊ पट्ट्यावर लावून काही महिन्यांच्या बाळाच्याही डोक्याला बांधता येतं. त्याला ऑपरेशन लागत नाही.

अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही कानाची तपासणी होते. बंद कानात तेल किंवा काडी मात्र घालू नका.

आमच्या सखीने पट्ट्यासाठी गटातून कर्ज घेतलं. परवा बैठकीत हजेरी घेताना आईचं नाव पुकारलं, तर बाळानेच मान वळवली. टोपरं घरीच होतं.