जुलैमध्ये लागणारा निकाल
अमेरिकी कॉलेजच्या उंबरठ्यावर : लेखांक ६

मागच्या लेखात एसएटी ही प्रवेशपरीक्षा पाहून झाली. आता एपीकडे वळायचंच होतं. तेवढ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाची अकरावी नुकतीच संपली आहे. मे महिन्यात त्याने एपीचे, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे, तीन पेपर दिले होते आणि त्या सकाळी निकाल लागला होता. कॅल्क्युलसमध्ये पाचपैकी ५, इंग्रजीत ४, फिजिक्समध्ये ३. पोरगा खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता, टेबलावरचे पोहे गार झाले होते. “ताई, या एका तिनामुळे सगळं गेलं का गं?” तिने विचारलं.

तिच्या त्या ‘गेलं’मध्ये आपली बारावी बोलत होती. अर्ध्या गुणाने यादीत नाव न लागलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. निकाल आधी, प्रवेश नंतर, आणि मधे फक्त आकडा, हे आपल्या अंगात मुरलंय. तिथे तसं का नाही, हे समजून घ्यायला आधी कॅलेंडर समोर ठेवावं लागतं.

बारावीत गेलेलं मूल लवकरच्या फेरीत अर्ज करणार असेल, तर बहुतेक ठिकाणी मुदत १ नोव्हेंबरची. नेहमीच्या फेरीचे अर्ज नव्या वर्षाच्या आसपास जातात. नामांकित कॉलेजांची उत्तरं मार्चअखेरपर्यंत येतात आणि कुठे जायचं ते मुलाने साधारण १ मेपर्यंत कळवायचं असतं. एपीच्या परीक्षा सुरू होतात त्या मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि निकाल जुलैत. म्हणजे बारावीतल्या एपीचे गुण हातात येतात तेव्हा मुलाचं कॉलेज केव्हाच पक्कं झालेलं असतं. सर्वात अवघड विषय पुष्कळ मुलं बारावीतच घेतात, आणि नेमके त्यांचेच गुण प्रवेश ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांखालून जात नाहीत. उरतात ते दहावी-अकरावीतले. तेही बहुतेक कॉलेजांत मुलाने अर्जात स्वतः लिहायचे, आणि लिहायचे की नाही हे त्यानेच ठरवायचं.

मग प्रवेश समिती बघते काय? तर ट्रान्स्क्रिप्ट. शाळेत कोणते विषय घेतले आणि वर्षभर वर्गात कोणती ग्रेड मिळवली, हे. त्याच्यासोबत शाळेची माहिती जाते, तिथे एपीचे किती वर्ग चालतात तेही त्यात असतं. आणि काउन्सेलरला सांगावं लागतं की या मुलाने घेतलेला अभ्यासक्रम त्या शाळेच्या मानाने किती अवघड होता. ज्या शाळेत एपीचे चारच वर्ग आहेत, तिथल्या मुलीने चारही घेतले तर तिने शक्य होतं ते सगळं केलं. पंचवीस वर्ग असलेल्या शाळेतल्या मुलाचे चार वेगळे वाचले जातात. म्हणून दोन शाळांतल्या मुलांच्या एपींची संख्या शेजारी ठेवून तुलना करणं, जे आपल्या मंडळांच्या गणपतीत आरतीनंतर हमखास चालतं, त्याला काही अर्थ नाही.

इथे मला एक गोष्ट मनापासून खटकते. सॉल गायझर आणि व्हेरोनिका सांतेलिसेस यांनी २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. शाळेत एपी आणि ऑनर्सचे किती वर्ग घेतले, याचा कॉलेजातल्या पुढच्या कामगिरीशी फारसा संबंध त्यांना दिसला नाही. एपी परीक्षेतल्या गुणांचा मात्र चांगलाच दिसला. म्हणजे ज्या आकड्यावरून खरंच काही कळतं तो बाजूला, आणि वर्गांची मोजदाद पुढे. पोरं दहा-दहा, बारा-बारा एपी घेऊन रात्री दोनपर्यंत जागतात ती या मोजदादीपायी. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने आपल्याच विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा असे पाचएक वर्ग झाल्यावर आणखी वाढवून पहिल्या वर्षाच्या गुणांत विशेष भर पडत नाही, असं निघालं. हे प्रत्येक पालकाने ऐकायला हवं.

काही ठिकाणी वारं फिरतंय. येल विद्यापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की अर्जदाराने एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी या परीक्षांपैकी कोणते तरी गुण द्यायलाच हवेत. एपी निवडलं तर दिलेल्या सगळ्या विषयांचे गुण द्यायचे, नको तो वगळता येत नाही. हार्वर्डने त्याच वर्षी एसएटी-एसीटी पुन्हा सक्तीची केली, पण ज्यांना त्या परीक्षा देणं शक्यच नाही अशांसाठी एपीसारखे पर्याय ठेवले. अशा जागी एपीचा आकडा थेट टेबलावर येतो.

आणखी एका मुलासाठी तो आकडा फार मोलाचा आहे. ज्याच्या शाळेचं नाव समितीतल्या कुणीच ऐकलेलं नाही, त्याच्यासाठी. १९८२ मध्ये ईस्ट लॉस अँजेलिसमधल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हायमे एस्कलांते नावाच्या गणिताच्या मास्तरांचे १८ विद्यार्थी एपी कॅल्क्युलस पास झाले. गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतली ही मुलं. परीक्षा घेणाऱ्यांना १४ जणांवर कॉपीचा संशय आला. त्यांतल्या १२ जणांनी पेपर पुन्हा दिला आणि बाराही जण पुन्हा पास झाले. शाळेची ग्रेड शाळेतले शिक्षक देतात. एपीचा पेपर तपासणाऱ्याला मूल कुठल्या गल्लीतलं हे ठाऊक नसतं. पुण्या-नाशिकच्या बोर्डाच्या शाळेत शिकून, केंद्र शोधून, स्वतःच्या बळावर कॅल्क्युलस बीसीचा पेपर देणाऱ्या मुलीचा ५ म्हणूनच जड असतो. तिच्या शाळेत एपी नाही म्हणून तिचं काही उणं धरलं जात नाही. पण असा ५ हातात असेल तर तो बाहेरून मिळालेला पुरावा आहे.

प्लेसमेंट हा शब्द नावातच आहे. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने १९५५ मध्ये ही योजना हाती घेतली ती हुशार मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विषय पुन्हा शिकावे लागू नयेत म्हणून. तो उपयोग आजही शाबूत आहे. फ्लोरिडा, ओहायो, इलिनॉय अशा राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांनाही क्रेडिट द्यावं असा नियम आहे. एखादं सत्र वाचलं तर त्याचे हजारो डॉलर घरात राहतात. कॅलटेक आणि ब्राउन मात्र एपीला क्रेडिट देत नाहीत.

बहिणीला मी एवढंच विचारलं, “फिजिक्सच्या वर्गात त्याची ग्रेड काय?” ती म्हणाली, “ए मायनस.” मग ट्रान्स्क्रिप्टवर ए मायनसच जाणार. तो ३ त्याने अर्जात लिहू नये. ५ आणि ४ लिहावेत. येलचा विचार असेल तर एसएटीचे गुण द्यावेत, म्हणजे तीनही एपी दाखवायचं बंधन उरत नाही. बारावीत त्याने एपीचे सहा वर्ग नोंदवले होते. त्यातला सहावा अर्थशास्त्राचा, मित्राने घेतला म्हणून घेतलेला. तो काढून त्या तासाला शाळेचा वाद्यवृंद परत धरता येईल का, हे काउन्सेलरला विचारायला ती सोमवारी जाणार आहे. व्हायोलिन दीड वर्षापासून कपाटावर पडून आहे.

(पुढच्या आठवड्यात : शिफारसपत्रं)