चिंधीचे मोल आणि हाताची मजुरी

बंगळूरच्या कोरमंगलापासून अनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे पालटलेल्या शहराचा नमुना मानता येईल. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. शेतजमिनींच्या जागी उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे राहतात. त्यांत मराठी भाषकही आहेत. नोकरी बदलली की घर बदलते आणि घर बदलताना कपडे, पडदे, लाकडी सामान, बाटल्या मागे राहतात. अशा टाकाऊ किंवा जुन्या बाजारातून स्वस्तात मिळविलेल्या वस्तूंपासून कलावस्तू घडविण्याची आवड शहरी मध्यमवर्गात रुजली आहे. या कलावस्तूला जे नवे मूल्य लाभते ते येते कोठून आणि जाते कोणाकडे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कचरा आणि कच्चा माल यांत फरक असतो तो वर्गीकरणाचा. सुती साडी भाजीच्या सालींबरोबर एकाच डब्यात पडली की तिचे मूल्य शून्य होते. कोरडी, वेगळी ठेवली तर तीच साडी कच्चा माल ठरते. बंगळूरने हा धडा संकटातून घेतला. २०१२ मध्ये मावळ्ळीपुरा येथील ग्रामस्थांच्या विरोधामुळे तेथील कचराभूमी बंद झाली, रस्तोरस्ती ढीग साचले आणि त्याच वर्षी घरोघरी वर्गीकरण सक्तीचे करण्यात आले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत शहरभर लागू करण्याचा आदेश दिला. ओल्या कचऱ्यासाठी हिरवा डबा, सॅनिटरी व टाकून देण्याजोग्या कचऱ्यासाठी लाल डबा आणि सुक्यासाठी पिशवी, अशी ती विभागणी.

या व्यवस्थेत कचरावेचकांना स्थान मिळवून देण्याचे काम ‘हसिरु दळ’ या संस्थेने केले. तिच्या संस्थापकांपैकी नलिनी शेखर या १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’च्या उभारणीतही सहभागी होत्या. पुण्याचा अनुभव अशा रीतीने बंगळूरच्या उपयोगी पडला. तथापि कागद, धातू व प्लॅस्टिक यांना ठरलेले खरेदीदार आहेत, तसे मिश्र धाग्यांच्या जुन्या कापडाला नाहीत.

महाराष्ट्रात जुन्या कापडाचा बाजार नवा नाही. साड्या-धोतरे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येत असे. ती कापडाचा पोत, फाटलेपणा, जर नजरेने जोखून भाव ठरवी. तिने नेलेले कापड वापरण्याजोगे असेल तर दुरुस्त होऊन पुन्हा विकले जाई, नसेल तर पुसण्याच्या चिंध्या होत. तिची ही पारख कोणत्याही मोजणीत कौशल्य म्हणून नोंदली जात नाही, हे खेदजनक आहे.

घरातच राहिलेल्या कापडाची गोधडी होई. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर पसरून, सुरकुती काढून, धावदोऱ्याने ते एकत्र बांधले जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया जी ‘कवंद’ शिवतात, तीही याच कुळातील. तिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानले जात नाही. ऊब देण्याशी या फुलांचा काहीही संबंध नाही. म्हणजेच गरजेच्या वस्तूतही निव्वळ सौंदर्यासाठी श्रम खर्च करण्याची वृत्ती गरिबीत टिकून होती.

आता हिशेब पाहू. समजा, एक गोधडी शिवण्यास दहा दिवस लागले आणि दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली, तर केवळ श्रमाचे मूल्य ५,००० रुपये होते. कापड फुकट मिळाले तरी या रकमेत फारसा फरक पडत नाही. यंत्रावर तयार झालेले पांघरूण याहून पुष्कळ कमी किमतीत मिळते. ‘टाकाऊपासून बनलेली, म्हणून स्वस्त असावी’ ही ग्राहकाची अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. ती मान्य केली की कपात होते ती शिवणारीच्या मजुरीत. दर्शनी किंमत मोठी असूनही तिला थोडेच मिळते, असेही घडते; कारण मधली साखळी लांब असते.

सार्वजनिक आधाराचे उदाहरण चंडीगढमध्ये आहे. रस्ते निरीक्षक नेक चंद यांनी सरकारी जमिनीवर गुपचूप, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे व पाडलेल्या घरांचे अवशेष यांतून शिल्पे उभारली. नियमाप्रमाणे ते अतिक्रमण होते. प्रशासनाने ते पाडले नाही. १९७६ मध्ये रॉक गार्डन जनतेस खुले केले आणि नेक चंद यांना वेतन व मजूर दिले. कलेचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो, हे येथे मान्य केले गेले.

कलावस्तूंनी शहराचा कचरा कमी होईल, हा दावा मात्र टिकणारा नाही. रोज हजारो टन कचरा निर्माण करणाऱ्या शहरात हाताने शिवल्या जाणाऱ्या वस्तूंचा वाटा नगण्यच राहणार. लाभ आहे तो रोजगाराचा, आणि त्यालाही कच्च्या मालाची मर्यादा आहे. गोधडी मऊ होते ती वर्षानुवर्षे धुतलेल्या सुतामुळे. आजच्या घरांतून बाहेर पडणाऱ्या कपड्यांत पॉलिएस्टर व ताणले जाणारे मिश्र धागे अधिक. त्यांचे थर सुईखाली निसटतात आणि घाम शोषत नाहीत. साडी रोज नेसणाऱ्या पिढीबरोबर सुती कापडाचा हा साठाही आटत आहे.

गृहसंकुलांना यात करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे: सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून कापड वेगळे काढणे, त्यातही सुती निराळे ठेवणे आणि ते शिवणकाम करणाऱ्या गटांपर्यंत ठरावीक दिवशी पोहोचविणे. ही वाहतूक व निवड यांचा खर्च संकुलाने आपल्या मासिक देखभाल शुल्कातून दिला, तर तो गोधडी शिवणारीच्या मजुरीतून वजा होणार नाही.