घोडदळ, सुरुंग आणि कवायती पलटणी

पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव वैतरणा नदीच्या मुखाशी, तिच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. गावात पोर्तुगीज अमदानीतील एका लहानशा कोटाचे अवशेष आहेत. समोर, खाडीच्या मुखातील बेटावर, अर्नाळ्याचा जलदुर्ग दिसतो. येथून किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की एडवण, केळवे, माहीम, शिरगाव आणि तारापूर अशी गावे लागतात आणि त्यांतील बहुतेकांच्या आसपास एखादा कोट वा बुरूज उभा असतो. मध्ये खाजणे, मिठागरे आणि भरतीच्या वेळी तुडुंब होणाऱ्या खाड्या आहेत. हा सारा मुलूख एकदा पायी फिरून पाहिला, म्हणजे येथे घोड्याच्या टापांना वाव नाही, हे कोणालाही उमगते.

असे असताना अठराव्या शतकात ज्या फौजेने हा किनारा जिंकला, ती फौज प्रामुख्याने घोडेस्वारांची होती. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेचे वर्णन सामान्यतः शौर्याची गाथा म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि या मोहिमेकडे दुसऱ्या एका दृष्टीनेही पाहावयास हवे. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली युद्धरीत बाजूस ठेवून मराठी फौजेने येथे नवी रीत आत्मसात केली. बावीस वर्षांनी पानिपतावर तशीच वेळ आली, तेव्हा मात्र जुन्या आणि नव्या रीतींचा मेळ बसला नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी प्रथम जुनी रीत काय होती, हे पाहणे इष्ट होईल.

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिवाजी महाराजांचा भर सरकारी पागेवर होता. पुढे पेशवाईत सरंजामी पद्धत वाढली आणि सरदारांच्या पथकांतून शिलेदारांची संख्याही वाढली. आता शिलेदाराच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. घोडा हीच त्याची सारी मालमत्ता. रणात घोडा मेला तर त्याची चाकरी गेली, आणि चाकरीबरोबर घरची चूलही थंडावली. असा मनुष्य तोफांच्या तोंडी घोडा घालील, ही अपेक्षाच अवास्तव होय. शत्रूस दूर ठेवणे, त्याची रसद तोडणे, वैरण जाळणे, त्याला भुकेने व तहानेने जेरीस आणणे आणि मग तहास भाग पाडणे, ही गनिमी युद्धाची रीत त्याच्या पराक्रमास जशी साजेशी होती, तशीच त्याच्या संसारासही परवडणारी होती. दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडावे आणि पावसाळ्यापूर्वी परतावे, हा प्रघातही असाच. नद्यांना पूर, वाटांवर चिखल आणि गावी शेतीची कामे. छावणीत बसून राहणे कोणासच परवडत नसे. लष्करातील वहिवाट बाहेरून केवळ हट्ट वाटते, पण तिच्या मुळाशी पुष्कळदा असा एखादा रोकडा हिशेब असतो.

शिवाय ही रीत यशस्वी होती. बाजीराव पेशव्यांनी १७२८ साली पालखेड येथे निजामास असेच कोंडले. १७३७ च्या अखेरीस भोपाळजवळ निजामाची पुन्हा तीच गत झाली. त्याचा तोफखाना जबरदस्त होता. परंतु तोफांनी पोट भरत नाही. जानेवारी १७३८ मध्ये त्यास तह करावा लागला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. थोरला बंधू भोपाळास जुन्या रीतीने विजय मिळवीत होता, त्याच सुमारास धाकटा बंधू उत्तर कोकणात त्या रीतीचा उपयोग होत नाही, हे अनुभवाने शिकत होता. पोर्तुगिजांची रसद समुद्रावाटे येई आणि समुद्रावर त्यांचा पगडा होता. सागराची वैरण कोण जाळणार? मार्च १७३७ मध्ये अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींच्या साहाय्याने ठाणे हस्तगत झाले, पाठोपाठ अर्नाळाही आला. मात्र त्याच वर्षी वसईवर चढून जाण्याचा प्रयत्न फसला. पुढल्या वर्षी माहीमचा वेढाही पोर्तुगीज कुमक येऊन पोचल्यामुळे उधळला गेला.

मग रीत बदलली. पावसाळा आला म्हणून मुलुखातील ठाणी उठविण्यात आली नाहीत. अर्नाळ्याच्या बेटावर मराठ्यांनी आपला पक्का किल्ला बांधून काढला. बाजीरावांच्या नावाचा शिलालेख त्याच्या दरवाजावर आजही वाचावयास मिळतो. या किल्ल्यामुळे वैतरणेच्या मुखावर, म्हणजेच दातिवऱ्याच्या दारात, मराठ्यांचे कायमचे ठाणे बसले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठिकाणे एकामागून एक पडली. ती घोड्यावर बसून नव्हे, तर मोर्चे लावून, सुरुंग पेरून आणि शिड्या लावून घेण्यात आली. तारापुराच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा कामी आला. बाजीरावांचा तो जिवलग होता. घोडदळाचे नामांकित सरदार तटाखाली पायउतार होऊन लढत होते, ही गोष्टच बदल किती खोलवर गेला होता, हे दाखविते.

फेब्रुवारीत वसईस वेढा पडला. या किल्ल्याच्या तीन बाजूंस पाणी आणि दलदल. जमिनीवरून जाण्याची वाट काय ती उत्तरेकडून. तेथे खंदक खणीत, वाळूतून व भुयारांतून तटापर्यंत पोचण्यास तीन महिने लागले. मे महिन्याच्या आरंभी सुरुंग उडाले, पण सारेच एका वेळी उडाले नाहीत. पडलेल्या खिंडारातून मराठे आत घुसले आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने त्यांचीच माणसे गारद झाली. नव्या विद्येची किंमत अशी मोजावी लागते. हजारो माणसे खर्ची पडली, तरी वेढा उठला नाही. अखेर मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या आणि लष्करी इतमामाने ते किल्ल्याबाहेर पडले.

या मोहिमेत बदलास फारसा विरोध झाल्याचे दिसत नाही. याचे श्रेय केवळ सैनिकांच्या लवचिकपणास देणे अपुरे ठरेल. भूमीच अशी होती की दुसरा इलाज नव्हता. अधिकार एका हाती होता. आणि नवी विद्या शिकणारे लोक आपलेच होते. खंदक खणणारा, शिडी चढणारा आणि त्यांना हुकूम देणारा, हे सारे एकाच फौजेचे घटक होते.

पुढे स्थिती पालटली. दक्षिणेत फ्रेंचांच्या कवायती पलटणींनी केलेला पराक्रम सर्वांनी पाहिला होता. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या चाकरीत आला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे निजामाविरुद्ध त्याच्या पायदळाने व तोफांनी जो प्रभाव दाखविला, त्याने सदाशिवरावभाऊंचा या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसला. त्याच वर्षी भाऊ उत्तरेत निघाले ते गारद्यांना बरोबर घेऊनच.

उत्तरेत जुन्या व नव्याचा वाद उघडपणे उभा राहिला. जड सामान, तोफा आणि बायकामुले चंबळेच्या अलीकडे सुरक्षित जागी ठेवावीत, सड्या स्वारांनिशी अबदालीस हैराण करावे, असे मल्हारराव होळकरांचे मत होते. सूरजमल जाटाचाही सल्ला असाच होता. भाऊंनी तो मानला नाही. मल्हाररावांस जुनाट विचारांचे ठरविणे सोपे आहे. पण त्यांनी साऱ्या हयातीत हीच रीत यशस्वी झालेली पाहिली होती. उलट भाऊंचाही आग्रह अनाठायी नव्हता. अबदालीचे घोडदळ मराठ्यांच्या घोडदळापेक्षा जड आणि दमदार होते, आणि त्यास केवळ हुलकावण्या देऊन हिंदुस्थानातून घालविता आले असते की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

गारद्यांविषयी सरदारांच्या मनात जी अढी होती, तिला आणखी एक कारण होते. गारद्यांचा पगार रोख द्यावा लागे, आणि तो वेळेवर द्यावा लागे. सरदारांचे उत्पन्न सरंजामातून, तेही रखडत येणारे. तिजोरीत खडखडाट असताना परक्या शिस्तीच्या पायदळास आधी पैसे मिळतात, हे कोणास रुचेल? पलटण उभी करणे म्हणजे केवळ बंदुका वाटणे नव्हे. तिच्यामागे महसुलाची निराळी व्यवस्था लागते. ती व्यवस्था पुण्यास झालेली नव्हती.

एक विसंगती मात्र मनास खटकल्याखेरीज राहत नाही. लष्कराबरोबर स्त्रिया नसाव्यात, असा शिवाजी महाराजांचा सक्त दंडक होता. सभासदाने आपल्या बखरीत तो नमूद केला आहे. मोडू नये असा हा जुना नियम होता, आणि तोच सर्वांनी बिनदिक्कत मोडला होता. यात्रेकरू, कुटुंबे आणि बाजारबुणगे यांचा प्रचंड लोंढा घेऊन फौज पानिपतापर्यंत गेली. त्या लोंढ्याविरुद्ध फारसा आवाज उठला नाही. वाद माजला तो गारद्यांवरून. पुढे अबदालीने मराठ्यांची रसद तोडली आणि त्यांचीच गनिमी रीत त्यांच्यावर उलटविली.

१४ जानेवारी १७६१ रोजी डाव्या बाजूस गारदी पायदळाने रोहिल्यांची दाणादाण उडविली. फौजेचा गोल बांधून, पायदळाच्या आश्रयाने दिल्लीच्या दिशेने सरकत जावे, असा बेत होता, असे इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी मांडले आहे. असा गोल प्रत्येकाने आपली जागा धरून ठेवली तरच टिकतो. गारद्यांच्या शेजारी दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे घोडदळ होते. शत्रू मागे हटताच ते पुढे धावले, रांग फुटली आणि पायदळ उघडे पडले. शौर्यात ते कोणास हार जाणारे नव्हते. परंतु संधी दिसताच झेप घ्यावयाची, हे हाडीमाशी खिळलेले वळण एका दिवसात कसे जाणार? दोन रीती शेजारी शेजारी उभ्या होत्या, पण त्यांचा एकत्र सराव कधी झालाच नव्हता.

या पराभवातून महादजी शिंदे यांनी जो धडा घेतला, तो बहुतेकांनी घेतला नाही. १७८४ पासून द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी तयार करवून घेतल्या. पगारासाठी स्वतंत्र मुलूख तोडून दिला, आग्रा येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. म्हणजे पुण्यास जी महसुली व्यवस्था झाली नव्हती, ती येथे झाली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथील लढाया या कंपूंनीच जिंकल्या. १७९३ मध्ये लाखेरी येथे होळकरांची फौज त्यांच्यापुढे मोडली. त्या वेळी खुद्द होळकरांनीही फ्रेंच सेनानी ठेवून पलटणी उभारण्यास आरंभ केला होता. विरोध करणाऱ्या घराण्यानेच अखेर नवी रीत उचलली, असे दृश्य इतिहासात वारंवार दिसते.

पण एक कच्चा दुवा राहून गेला. शिपाई येथले, बंदुका येथल्या, तोफाही येथल्या; अंमलदार मात्र परके. हुकूम देण्याची विद्या आपल्या माणसांस शिकविण्याची निकड कोणास वाटली नाही. मराठी सरदारास पायदळाची नायकी कमीपणाची वाटे, त्याची प्रतिष्ठा घोड्यावर होती. बदलास झालेला सर्वांत चिवट विरोध हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण तो कोणी दरबारात बोलून दाखविला नाही आणि म्हणून त्याचे खंडनही कोणी केले नाही.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच कंपनी सरकारने शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अंमलदारांस फितविले. द बॉयनच्या जागी आलेला पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. अलीगढच्या किल्ल्याची वाट इंग्रजांस दाखविणारा ल्यूकन हा पूर्वी शिंद्यांच्याच नोकरीत होता. २३ सप्टेंबर रोजी असई येथे पलटणींनी व तोफखान्याने इंग्रजांची दीड हजारांवर माणसे जायबंदी वा ठार केली. त्यानंतरच्या वर्षी यशवंतराव होळकरांनी पुन्हा घोडदळाची कास धरून ऐन पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या फौजेची धूळधाण उडविली. जुनी रीत अगदीच निरुपयोगी झाली नव्हती, हे त्यावरून दिसते. पण नोव्हेंबरात फर्रुखाबादेस इंग्रजी घोडदळाने पहाटे अकस्मात छापा घालून होळकरांच्या स्वारांची वाताहत केली.

या सगळ्यांत १ नोव्हेंबर १८०३ ची लासवारीची लढाई निराळी आहे. तेथे शिंद्यांच्या पलटणींजवळ त्यांचे युरोपीय अंमलदार जवळजवळ उरलेच नव्हते. तरी त्या शिपायांनी रांगा मोडल्या नाहीत. गोलंदाज आपल्या तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. इंग्रजांचा सरसेनापती लेक याने आपल्या वरिष्ठांस लिहिताना या शिपायांची मुक्त कंठाने वाखाणणी केली, आणि त्यांच्या शिरावर फ्रेंच अंमलदार असते तर लढाईचा निकाल काय लागला असता, याविषयी धास्ती व्यक्त केली.