फ्यूज उडाला? आधी कारण शोधा!

ऐन स्वयंपाकाच्या वेळी मिक्सर बंद पडतो, पंखा थांबतो, दिवे जातात. यजमान कामावर, वायरमन संध्याकाळशिवाय फिरकणार नाही. मग शेजारचा एखादा उत्साही मुलगा येतो, जुन्या वायरीतल्या दोन-चार तारा पिळून फ्यूजमध्ये बसवतो आणि म्हणतो, "काकू, आता हा कधीच उडायचा नाही!" आपण त्याला कौतुकानं चहा देतो. पण भगिनींनो, घाबरायचं ते इथंच!

फ्यूजची तार मुद्दामच कच्ची ठेवलेली असते. ठरलेल्यापेक्षा फार जास्त वीज वाहू लागली की ती वितळते आणि प्रवाह तोडते. तिच्या जागी जाड तार घातली तर ती तशीच राहते आणि भिंतीतली वायर तापत जाते. वरचं आवरण वितळलं की आगीला किती वेळ लागतो? कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवून टाकावा, तसलाच हा प्रकार!

साधा भागाकार

प्रत्येक उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. वॅटला २३०ने भागलं की अँपिअर मिळतात. ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचारच्या आसपास आणि २००० वॅटचा गीझर पावणेनऊ.

जुन्या घरात दिवे-पंख्यांच्या लाइनवर बहुधा ५ अँपिअरची तार असते. तिच्यावर इस्त्री एकटी चालून जाते. पण त्याच वेळी १५०० वॅटची केटली लावलीत, तर दोन्ही मिळून जवळजवळ ११ अँपिअर झाले! फ्यूज उडणारच, त्यात ना इस्त्रीचा दोष, ना केटलीचा. दोन्ही वस्तू एकापाठोपाठ एक वापराव्यात. केटली, गीझर यांसारख्या वस्तू १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावाव्यात. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवायचे जोड बाजारात मिळतात, पण त्या मोहात पडू नये.

नव्या घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असतात. त्यांवर ६, १०, १६ असे आकडे असतात. खटका वारंवार पडतो म्हणून मोठ्या आकड्याचा बसवून घेऊ नका. आतली वायर तेवढा भार सोसेल का, हे वायरमननं पाहिल्याशिवाय तर नाहीच.

चोर कसा पकडाल?

आधी शेजारी दिवे आहेत का, ते पाहा. असतील तर पायांत रबरी चपला घाला, हात कोरडे करा, बॅटरी घ्या आणि मेन स्विच बंद करा. घरातली सगळी बटणं बंद करून प्लग काढून ठेवा. मगच फ्यूज ओढून योग्य अँपिअरची तार घाला. एमसीबी असेल तर खटका पूर्ण खाली करून वर करा. वीज कंपनीचं सील असलेल्या भागाला मात्र हात लावायचा नाही.

आता मेन सुरू करा. काहीच चालू नसताना फ्यूज पुन्हा उडाला, तर दोष वायरिंगमध्ये आहे; तिथं थांबा आणि वायरमनला बोलवा. टिकला, तर एकेक वस्तू लावत जा. जिच्यामुळे फ्यूज तत्क्षणी उडेल, ती आपली चोर! तिच्यात किंवा तिच्या वायरीत शॉर्ट आहे. थोडा वेळ चालून, दोन-तीन वस्तू एकत्र लावल्यावर उडत असेल, तर तो जास्तीच्या भाराचा प्रकार समजावा.

फ्यूज शाबूत आहे, पण वस्तू चालत नाही? आधी त्याच सॉकेटवर दुसरी वस्तू लावून बघा. इस्त्रीची वायर बहुधा मुठीपाशी वाकून वाकून तुटते. मिक्सर घट्ट वाटणानं थांबला असेल, तर त्याच्या तळाशी छोटं, बहुधा लाल बटण असतं. प्लग काढून, मिक्सर निवू देऊन ते दाबा. पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च तिथंच वाचतो! प्लग गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र वस्तू वापरणं बंद करा.

झिणझिण्या येतात?

फ्रीजला किंवा गीझरच्या नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर "जरासंच होतं हो" म्हणून सोडून देऊ नका. माणसाचा जीव जायला फार थोडी वीज पुरते. तेवढ्यानं ना फ्यूज उडतो, ना एमसीबी. त्यासाठी अर्थिंग नीट हवं आणि तीन पिनांचा प्लग हवा. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगचीच असते. ती कापणं म्हणजे स्वतःचं संरक्षण काढून टाकणं. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज अंगातून जमिनीकडे जाऊ लागताच ती क्षणात प्रवाह तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहावं. खटका पडला पाहिजे.

कुणाला शॉक बसून चिकटलंच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद! ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडी काठीनं त्याला दूर करा.

आणि एक सोपं काम आजच उरका. कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा, याची चिठ्ठी करून मेन स्विचजवळ चिकटवा आणि मेन कसा बंद करायचा, ते घरातल्या सासूबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना दाखवून ठेवा.