जबडा दुखतो? दाढ काढण्याची घाई नको!

मार्चअखेरच्या हिशेबाचे दिवस होते. सकाळी उठलो की आमचा उजवा जबडा जड झालेला असे. घास चावताना कानापाशी 'कट्' असा आवाज येई. आम्ही कानात थेंब टाकले. मग दाढ किडली असेल, म्हणून एका दवाखान्यात गेलो. तिथे दाढ काढली. पैसे गेले, दाढ गेली. दुखणे मात्र जागच्या जागी! शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही रात्रभर दात खाता. त्या आवाजाने मला झोप येत नाही."

शासकीय दंत रुग्णालयात गेलो तेव्हा उलगडा झाला. दुखत होता तो जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू. दाढ बिचारी निर्दोष होती!

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतो तोच हा सांधा. त्यात एक लहान मऊ चकती असते. ती जागेवरून सरकली की 'कट्' आवाज येतो. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा उपचार लागत नाहीत. झोपेत दात खाणे, मनावरचा ताण, मार लागणे, संधिवात यांमुळे हे दुखणे होऊ शकते. कान जवळच असल्याने दुखते ते कानातच, असे वाटते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली हा संबंध मांडला होता. दाढा पडल्यामुळे हे होते, हे त्यांचे कारण मात्र पुढे टिकले नाही.

यावर दातांचे माप घेऊन अॅक्रिलिकची पट्टी बनवतात. तिला स्प्लिंट म्हणतात. ती रात्री दातांवर बसवायची. तिने दात झिजण्यापासून वाचतात. पण दात खाण्याची सवय सुटतेच असे नाही. दुसरा उपचार हातांचा. फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून तोंडात अंगठा ठेवतात, जबडा हळूच खाली ओढतात, गालाचे ताठरलेले स्नायू दाबून सैल करतात आणि व्यायाम शिकवतात.

'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली जुनाट दुखण्याविषयी तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. त्यांनी हातांचे उपचार, देखरेखीखालील व्यायाम आणि ताण हाताळण्याचे समुपदेशन यांना पसंती दिली. दुखणे थांबवण्यासाठी स्प्लिंटवर त्यांनी फारसा भर दिला नाही. म्हणून महागडी पट्टी घेण्यासाठी कर्ज काढण्याआधी दहादा विचार करा. दात घासून चाव बदलणे, दाढ काढणे, शस्त्रक्रिया, हे तर परत न फिरणारे रस्ते!

बंधू-भगिनींनो, घरी एवढे करा. ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवा. भाकरी आमटीत कुस्करून खा. ऊस, सुके खोबरे, फुटाणे काही दिवस बंद. गालाला कोमट शेक द्या. जांभई देताना हनुवटीखाली हात धरा. जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू पाच-सहा वेळा उघडा, मिटा.

आपलीच तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, तेही पाहा. जात नसतील तर दंतवैद्यांना दाखवा. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले, तोंडात जळजळ होऊ लागली, तर तो आजार वेगळा आहे. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. जबडा अडकला, सूज आली, ताप आला तर थांबू नका. छातीत कळ, घाम आणि जबडादुखी एकदम आली तर हृदयाचा धोका समजून तडक रुग्णालय गाठा.

आमचा जबडा आता बराच मोकळा झाला आहे. मार्च आला की पत्नी आठवण करते, "दात सुटे ठेवा!" गेलेली दाढ काही परत येणार नाही. तुमची मात्र वाचावी, म्हणून हा लेखनप्रपंच. दाढ काढायला सांगितली तर एवढेच विचारा: "डॉक्टर, दुखणे दाढेचेच आहे ना?"