भंडारा आणि बिटरेट

सोमवती अमावास्येला जेजुरीत उभं राहून ज्यांनी व्हिडिओ काढला असेल, त्यांना ही हळहळ ठाऊक असेल. गडावरून पालखी कऱ्हेकडे निघते, 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर होतो आणि मुठी मुठींनी भंडारा आभाळात उडतो. कॅमेऱ्यात कण न् कण दिसतो. घरी येऊन तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, की भंडाऱ्याचा पिवळा चिखल आणि पायऱ्यांवरच्या माणसांची चौकोनी ठिगळं! आपण म्हणतो, व्हिडिओ फाटला.

नोकरी सांभाळून बारा वर्षं मी जत्रा, पालख्या आणि पावसाळ्यातले धबधबे टिपतो आहे. पहिल्या जेजुरीनंतर मी दोष कॅमेऱ्याला दिला आणि नवा घेतला. पुढच्या सोमवतीला पुन्हा तोच चिखल. दुखणं कुठे आहे, हे तेव्हा कुठे शोधायला लागलो.

व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक चित्र अख्खं ठेवायचं आणि पुढच्यांत फक्त काय बदललं ते नोंदवायचं, अशी ही काटकसर असते. एच.२६४ पद्धतीत १०८०पी चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे ८,१६० चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनासाठी ही काटकसर करणारा एन्कोडर आधीच्या चित्रांत शोध घेतो: हा तुकडा तिथे होता का, आता किती सरकला? दीपमाळ जागची हलत नाही, तिचा खर्च जवळपास शून्य. पालखी सरकली, तर तेच चौकोन थोडे पुढे, हाही खर्च थोडाच. भंडारा मात्र या हिशोबात बसतच नाही. प्रत्येक कण आपल्या वाटेनं जातो, आधीच्या चित्रात त्याची जोडी सापडत नाही आणि हजारो चौकोन एकाच क्षणी नव्यानं वर्णन मागू लागतात. सेकंदाला किती बिट खर्चायचे, ते तर आधीच ठरलेलं असतं. मग एन्कोडर सगळ्यात आधी बारीक तपशील टाकून देतो. चौकोनात उरतो तो सरासरी पिवळा. त्यात रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकदाच होते, त्यामुळे पिवळ्या कणांच्या कडा आणखी विरघळतात. गुलाल, पाऊस, लाटांचा फेस यांचंही असंच होतं. पण भंडाऱ्याइतकी कठीण परीक्षा मी दुसरी पाहिलेली नाही.

थोडा इतिहास. या साऱ्याच्या मुळाशी असलेलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडलं. एच.२६४ आलं २००३ मध्ये, गूगलचं व्हीपी९ २०१३ मध्ये, एव्ही१ २०१८ मध्ये. एवढं पुरे, कारण मला बिटरेटकडे वळायचं आहे.

सेकंदाला ३० चित्रांचा १०८०पी व्हिडिओ कसलीही काटछाट न करता ठेवला, तर सेकंदाला जवळपास १,५०० मेगाबिट लागतील. यूट्यूबची शिफारस आहे ८ मेगाबिटची, ६० चित्रांसाठी १२. बरेच जण तोच आकडा पाळतात आणि तिथेच फसतात. आपण काहीही चढवलं तरी यूट्यूब ते पुन्हा एन्कोड करतं. म्हणजे काटछाट दोनदा होते: एक आपल्या हातची, एक त्यांची. आपल्या फाइलमध्ये चौकोन उमटले असतील, तर दुसरा एन्कोडर ते चौकोन जपण्यात बिट घालवतो. म्हणून भंडाऱ्यासाठी मी १०८०पीलाही ४० ते ५० मेगाबिट देतो. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी 'कॉन्स्टंट क्वालिटी' निवडून आकडा १६ च्या आसपास ठेवावा. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. ६ नं उतरवला की फाइल साधारण दुप्पट होते. प्रीसेट 'स्लो' ठेवा. रात्रभर लॅपटॉप चालला तरी चालेल.

आता माझी सर्वांत आवडती युक्ती. १०८०पीत चढवलेल्या, फारसे प्रेक्षक नसलेल्या व्हिडिओला यूट्यूब बहुधा एच.२६४ आवृत्तीच देतं. १४४०पी किंवा त्यावरचं चढवलं, तर व्हीपी९ मिळतं आणि बिटही जास्त. म्हणून एक्सपोर्ट करतानाच चित्र दुप्पट, म्हणजे २१६०पी (४के) करा. तपशील त्यानं वाढत नाही, वाट्याला येणारे बिट वाढतात. एकच वीस सेकंदांचा तुकडा मी दोन्ही प्रकारे चढवून शेजारी शेजारी लावला. पहिल्यात दीपमाळेमागे पिवळा पडदा होता, दुसऱ्यात तिच्या दगडांसमोरून पडणारे कण दिसत होते. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं, की कोणता कोडेक (एच.२६४ की व्हीपी९) मिळाला ते कळतं. चढवल्या चढवल्या मात्र निकाल देऊ नका, आधी हलक्या आवृत्त्या तयार होतात. व्हिडिओ 'प्रायव्हेट' ठेवा आणि ४के दिसू लागलं की खुला करा.

थोडं काम चित्रीकरणातच होतं. शटर १/१००० ठेवलं, तर प्रत्येक कण सुटा आणि टोकदार येतो. १/५० ला त्याची मऊ रेघ होते, ती डोळ्यालाही बरी वाटते आणि एन्कोडरलाही झेपते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं ट्यूबलाइटच्या पट्ट्याही येत नाहीत. रात्री आयएसओ फार चढवू नका. अंधारातली ती रवाळ गिजबिज भंडाऱ्यासारखीच बिट खाते.

एका चंपाषष्ठीला दुसऱ्या बाजूचं चित्रीकरण मी एका स्टुडिओकडे सोपवलं होतं. त्यांनी फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं आणि कार्ड पुसून टाकलं. त्या काटछाटीत फुटेजवर उमटलेले चौकोन आता कोणत्याही सॉफ्टवेअरनं जाणार नाहीत. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं असतं, तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी आली असती.

म्हणून एवढं कराच: अपलोड झालं तरी मूळ फाइल पुसू नका, दोन हार्ड डिस्कवर ठेवा. यूट्यूब स्टुडिओतून आपलाच व्हिडिओ परत उतरवायला गेलात, तर तो फार तर ७२०पीमध्ये मिळतो.