महाप्रसादाची खीर

वेदगंगेकाठचे मुरगूड आणि तेथून जवळच असलेले आदमापूर, जेथे श्री संत बाळूमामा १९६६ साली समाधिस्थ झाले, या भागात महाप्रसादाच्या पानावर बहुधा गव्हाची खीर, भात आणि आमटी एवढेच असते. शेकडो माणसे थोडक्या खर्चात तृप्त व्हावीत, तर याहून शहाणा बेत आम्हांस ठाऊक नाही. तळणाचे तेल नको, तुपाची धार नको. खपली गहू आणि कोल्हापुरी गूळ असला की झाले.

खिरीचे मर्म मात्र गुळातच आहे. गहू ओलवून, कांडून, पाखडून आदल्या रात्री भिजत घालावा. बोटाने चेपता दाणा मोडेल इतका शिजला, की मगच गूळ घालावा. गूळ पडल्यावर दाणा मऊ होत नाही. आमच्या घरच्या एका उद्यापनास आम्ही घाईने गूळ आधी घातला. चार तास जाळ घालूनही गहू दातांखाली कचकचला, आणि पहिल्या पंगतीतील वृद्धांनी तो प्रसाद म्हणून निमूटपणे गिळला! ती ओशाळगत अजून जात नाही. दुधाचाही मोह टाळावा, उकळत्या गुळात ते नासते. ओल्या नारळाचा चव, सुंठ, वेलदोडा पुरे.

शंभर पानांस दहा किलो तांदूळ व तीन किलो तूरडाळ हा आमचा अंदाज. माणसे वाढलीच, तर आमटीत आधणाचे पाणी घालता येते, भाताचे दुसरे आधण ठेवता येते. खीर मात्र वाढवता येत नाही. म्हणून ती घरच्या वडीलधाऱ्या बाईनेच पळीने वाढावी, आणि यजमानाने शेवटच्या पंगतीस बसावे.